पोट भरले, पण अंगी लागले नाही

परवा रविवारी विहारात वंदना झाल्यावर बायका-माणसे पायरीवर बोलत बसली होती. पलीकडच्या गल्लीतल्या एका ताईंनी आम्हां दोघांना गाठले. त्यांनी नुकतीच पंधरा पिल्ले आणली आहेत. म्हणाल्या, "संध्याकाळी मंडईत कोबी-फ्लॉवरचा पाला फुकट मिळतो. मेथी, कोथिंबीर उरली तर तीही देतात. पिल्लं नुसती तुटून पडतात त्याच्यावर. मग खाद्याची पिशवी कशाला विकत आणायची? पाल्यावरच वाढवली तर नाही का चालणार?"

आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो. पाच वर्षांपूर्वी अगदी हाच हिशेब आम्ही केला होता. तो चुकला हे कळेपर्यंत सात पिल्ले गेली होती. त्या ताईंना पायरीवर बसून जे सांगितले, तेच इथे लिहीत आहोत. आपल्या पुष्कळ घरांतून मागच्या परसात पाच-दहा कोंबड्या असतात. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आम्ही जालन्यात राहतो. आमच्यापैकी एक जण लोखंडी सळया काढणाऱ्या मिलमध्ये कामाला, दुसरी दोन घरची धुणीभांडी करून उरल्या वेळात शिलाई मशीन चालवणारी. घरात म्हातारी आई, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. पत्र्याच्या दोन खोल्या आणि मागे दहा बाय बाराचे परस. त्या परसात एक शेवगा आहे, तो आईने लावलेला.

२०२० साल. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, अशी अफवा त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये उठली होती, ती वाचकांच्या लक्षात असेल. होती अफवाच, पण तिने कोंबडीवाल्यांचे कंबरडे मोडले. भाव कोसळले, पक्षी मातीमोल विकले गेले. त्याच दिवसांत मोटारसायकलवर जाळीच्या पेट्या बांधून एक पिल्लेवाला वस्तीत आला. आठवड्याची रंगीत पिल्ले, कुणी घ्यायला तयार नाही. त्याने वीस पिल्ले दोनशे रुपयांना दिली. पाच किलो खाद्याची पिशवीही आम्ही आणली. खोक्यात भुसा पसरला, वर बल्ब टांगला. पिल्ले बल्बखाली दाटीवाटीने बसली तर गारठली आहेत, लांब पळाली तर त्यांना उकडते आहे, एवढे ज्ञान आम्हांला होते. सर्व काही नीट चालले होते.

मग २४ मार्चची रात्र आली. दुसऱ्या दिवसापासून मिल बंद. धुणीभांड्यांच्या घरांतून निरोप आला, "सध्या येऊ नका." आठ दिवसांत हातातला पैसा संपत आला आणि तेवढ्यातच पिल्लांची पिशवीही संपली. खाद्याचे दुकान बंद होते. कधी अर्धे शटर उघडे असे, पण माल नसे. एप्रिलपासून रेशनवर माणशी पाच किलो तांदूळ मोफत मिळू लागला, पण तो माणसांसाठी. पोरांच्या ताटातला तांदूळ पिल्लांपुढे टाकायला आमचा हात धजेना.

आणि दुसरीकडे भाजी! शेतकरी भाजी घेऊन येत आणि गिऱ्हाईक नाही म्हणून तिथेच टाकून जात. मेथीच्या जुड्या, पालक, कोथिंबीर, फ्लॉवरचा पाला, मुळ्याचा पाला. आम्ही पहाटे गोणी घेऊन जायचो आणि भरून आणायचो. थोडी आम्हांला, बाकी सगळी पिल्लांना. वाटायचे, निसर्गानेच सोय केली. फुकटचे हिरवेगार ताजे अन्न असताना पिशवी विकत घेणारे आपण किती वेडे!

पिल्लांना तर हिरवे म्हणजे सणच. एकाने मेथीचे पान चोचीत धरून पळायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे धावायचे. त्या दिवसांत घरात हसू येण्यासारखे तेवढेच होते. धाकटा तासन् तास खोक्यापाशी बसे. संध्याकाळी प्रत्येकाच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी चिंचोक्यासारखी टच्च फुगलेली. आम्ही बोटाने चाचपून पाहायचो आणि समाधानाने म्हणायचो, पोटं भरली.

आठ-नऊ दिवस असे गेले. मग विष्ठा पातळ, हिरवी पाण्यासारखी होऊ लागली. भुसा सतत ओला. या वयात पिसे भराभर फुटायला हवीत, ती फुटेनात. पंख खाली ओघळलेले. एकमेकांच्या शेपटाची पिसे उपटून खाऊ लागली. १० एप्रिलला सकाळी एक पिल्लू कोपऱ्यात आडवे पडलेले दिसले. दोन दिवसांनी आणखी दोन. एकाच्या गळ्याखालची पिशवी दगडासारखी घट्ट झाली होती. ते चोच उघडून मान लांब करी, पण खाली काही उतरेना. तेही गेले. धाकट्याने एकेकाला शेवग्याखाली पुरले. त्या वर्षी १४ एप्रिलला सगळ्यांनी जयंती घरातच साजरी केली. बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, आणि धाकटा मागच्या दारात पाचव्या पिल्लासाठी खड्डा करत होता.

शेजारची एक बाई कुंपणावरून म्हणाली, "दृष्ट लागली गं तुमच्या पिल्लांना. मीठ-मिरच्या उतरून टाका."

त्यावर आई ताडकन म्हणाली, "दृष्ट कशाची लागती? उपाशी हायेत ती."

आम्हांला राग आला. दिवसभर समोर पाला पडलेला, पोटे तट्ट फुगलेली, आणि ही म्हणते उपाशी! तेव्हा आई शेवग्याला टेकून बसली आणि कधी नव्हे ते बाहत्तरच्या दुष्काळाचे बोलली. ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती.

"आमी लई पाला खाल्ला बाबा त्या साली. तरोटा, कुर्डू, जे हिरवं दिसंल ते. उकडायचा, मीठ टाकायचं आन् खायचा. पोट भरायचं. डेऱ्यावानी व्हायचं. माह्या धाकट्या भावाचं पोट असं म्होरं आन् पाय काड्यावानी. मायला वाटायचं, पोरगं खातंय की मग. पुढं खडी फोडायच्या कामावर मिलो आन् सुकडी मिळाली तव्हा आमच्या अंगात जीव आला. त्यो काय तवर टिकला न्हाई. भरल्या पोटानं गेला त्यो. पाला तोंडी लावायला असतो रं. भाकर कुठं हाय ह्यांची?"

आम्ही काही बोललो नाही. आमच्या लग्नाला तेव्हा सोळा वर्षे झाली होती, पण आईला असा एक भाऊ होता हे आम्हांला त्या दिवशी कळले.

थोरली तेव्हा आठवीत होती. तिने पिल्ले आणल्यापासून एक वही घातली होती. पाच पिल्ले पिशवीत घालून भाजीवाल्याकडून आणलेल्या काट्यावर तोलायची आणि लिहून ठेवायची. आम्ही तिच्या त्या खेळाकडे लक्ष दिले नव्हते. तिने वही पुढे केली. २ एप्रिलला पाच पिल्लांचे वजन ७५० ग्रॅम होते. १६ एप्रिलला ८०० ग्रॅम. चौदा दिवसांत पाच पिल्लांत मिळून पन्नास ग्रॅम! ज्या वयात पिल्लू दुप्पट व्हायचे, त्या वयात ते जागच्या जागी उभे होते. आमचे डोळे फुगलेल्या गळ्याकडे पाहत होते. तिचा काटा खरे बोलत होता.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी माना वाकड्या होतात का, लंगडतात का, शेणात रक्त पडते का, हे विचारले. मानमोडी नाही ना, याची खात्री करून घेतली. तिची लस पिल्लांना पहिल्या आठवड्यातच द्यायची असते. आमच्या पिल्लांना ती दिली होती की नाही, हे आम्ही पिल्लेवाल्याला विचारलेही नव्हते. मग त्यांनी विचारले, "खायला काय देता?" आम्ही अभिमानानेच सांगितले, "ताजी पालेभाजी, दिवसातून चार वेळा."

पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "आणि दाणा?"

त्यांनी जे समजावले ते आमच्या भाषेत सांगतो. शंभर ग्रॅम ओल्या पाल्यात पंच्याऐंशी ते नव्वद ग्रॅम नुसते पाणी असते. मेथीसारख्या चांगल्या भाजीतही शंभर ग्रॅमला प्रथिने चार ग्रॅमच्या आसपास. पिल्लाच्या खाद्यात मात्र शंभरात वीस भाग प्रथिने लागतात. मांस, पिसे, रक्त सगळे त्यातूनच तयार होते. पिसे म्हणजे जवळजवळ सगळी प्रथिनेच. म्हणून ज्याला प्रथिने मिळत नाहीत ते पिल्लू दुसऱ्याची पिसे उपटते. पिल्लाची गळ्याखालची पिशवी ती केवढी! ती पाल्याने भरली की दाण्याला जागाच उरत नाही. गाई-म्हशीला चार कप्प्यांचे पोट आहे, ती रवंथ करते, चाऱ्यातून ताकद काढते. कोंबडीला ते जमत नाही. तिला दात नाहीत. कलेजीबरोबर जो पेटा निघतो, तीच तिची चक्की. त्या चक्कीत बारीक खडे असले तरच तंतू दळले जातात. आमची पिल्ले खोक्यात, भुशावर. त्यांनी खडे कुठून टिपावेत? मेथीचे लांब दांडे न दळता गुंतून बसले, म्हणून त्या पिल्लाचा गळा दगडासारखा झाला.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "पाला वाईट नाही. पण तो जेवणाबरोबरचा आहे, जेवणाच्या जागेवरचा नाही."

आईने हेच सांगितले होते. फक्त तिला प्रथिने हा शब्द माहीत नव्हता.

फोन ठेवला तेव्हा पंधरा पिल्ले शिल्लक होती. त्यातली दोन पुढच्या दोन दिवसांत गेली. उरलेल्या तेरांसाठी आम्ही कामाला लागलो. ओळखीच्या शेतकऱ्याने मका आणि ज्वारी दिली, ती जात्यावर भरडली. त्याच्याकडेच सोयाबीनची पेंड मिळाली. सहा मुठी भरडा, तीन मुठी पेंड आणि मूठभर बिनखारी सुकटीचा कूट, असे मिश्रण केले. इथे एक सूचना. सोयाबीन कच्चे भरडून घालू नये, ते पिल्लांना पचत नाही. पेंड किंवा चांगले भाजलेले सोयाबीनच घालावे. आणि म्हशीची सरकीची पेंड घरात पडून आहे म्हणून ती पिल्लांना घालू नये, ती त्यांना बाधते.

आईने तिची युक्ती काढली. जुन्या मडक्यात ओले शेण, काडीकचरा, गोणपाटाचा तुकडा भरला आणि ते मडके बांधावरच्या वाळवीच्या भोकावर रात्रभर पालथे घातले. सकाळी मडके वाळवीने भरलेले. ती वाळवी पिल्लांपुढे झटकली, तर मेथीचे पान घेऊन पळणारी पिल्ले पळायचीही विसरली, जागेवरच टिपू लागली. आई म्हणाली, "आमच्या गावाला खुडूक कोंबडीच्या पिल्लायला हेच घालायचे."

खुडूक कोंबडीवरून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. पुढे आमची एक कोंबडी खुडूक बसली, तिने नऊ पिल्ले काढली. ती पिल्लांना घेऊन गवतात जाई तेव्हा आम्ही नीट पाहिले. ती पायाने माती उकरी. किडा, मुंगी, गांडूळ सापडले की 'कुक-कुक' करून पिल्लांना हाक मारी. गवताच्या पात्याला कधी हाक नाही. पाते पिल्ले येता-जाता टोचत, शेंड्याचा बारीक कण तोडत आणि पुढे जात. हिरव्यात जाऊनही ती हिरव्यावर जगत नव्हती. आम्ही कोंबडीला गवतात पाहतो आणि ती गवत खाते असे समजतो. चूक आपल्या पाहण्यात असते.

आठ दिवसांत भुसा कोरडा राहू लागला. तिसऱ्या आठवड्यात पिसांना चकाकी आली. थोरलीच्या वहीत आकडे चढू लागले. दुकान उघडले तशी आम्ही शिलाईच्या पैशांतून तयार खाद्याची पिशवी आणली, कारण घरच्या भरड्यात सगळे क्षार आणि जीवनसत्त्वे नसतात. लहानपणी खाद्यावर वाचवलेला पैसा पुढे अंड्यांत आणि जिवांत भरावा लागतो.

आता ताईंनी विचारले तसे कुणी विचारील, की मग पाला द्यायचाच नाही का? द्यायचा, जरूर द्यायचा. त्यात जीवनसत्त्व 'अ' ज्यापासून बनते ते द्रव्य असते. डोळे, कातडी आणि रोगाशी लढण्याची ताकद त्यावर अवलंबून. गावरान अंड्याचा बलक पिवळाधमक दिसतो तो हिरवे खाल्ल्यामुळेच. शिवाय पिल्ले पाला टोचण्यात गुंतली की एकमेकांना टोचत नाहीत. पण कसा द्यायचा, ते आमच्या अनुभवावरून सांगतो.

पहिले पंधरा दिवस पाला देऊ नये. चांगले खाद्य असेल तर त्या वयात त्याची गरज नाही. तिसऱ्या आठवड्यापासून सुरुवात करावी. भाजीवर घालायची कोथिंबीर चिरतो तसा पाला विळीवर बारीक चिरावा आणि दहा पिल्लांत मिळून एक मूठ द्यावा. आधी दाणा, मग पाला. सकाळी उपाशीपोटी पाला टाकला की आमच्यासारखी गत होते. दुपारी, दाणा खाऊन झाल्यावर टाकावा. पंधरा-वीस मिनिटांत संपेल तेवढाच. उरलेला उचलून घ्यावा, नाहीतर तो तुडवला जातो, सडतो, भुसा ओला होतो आणि ओल्या भुशात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. पाला सुरू केला त्या दिवसापासून एका झाकणात बारीक जाड वाळू ठेवावी. पिल्ले लागेल तेवढे खडे स्वतः टिपतात.

दोन महिन्यांची झाली की चिरत बसायला नको. जुडी सुतळीने बांधून त्यांच्या मानेच्या उंचीवर टांगावी. टांगलेली जुडी हिसडा देऊन खावी लागते, म्हणून लहान लहान तुकडेच तुटतात, लांब दांडा गिळला जात नाही. मोठ्या कोंबड्यांनाही दहा भाग खाण्यात एक भाग पाला, असा आम्ही अंदाज धरला आहे.

कोणता पाला? तांदुळजा, माठ, चवळीचा पाला, लसूणघास, कोबी, मुळ्याचा पाला हे चांगले. शेवग्याचा पाला सगळ्यांत चांगला. आम्ही तो सावलीत वाळवून चुरून भरड्यातही मिसळतो. गाजराचा कीस, लाल भोपळ्याचा गर, काकडी चालते. पालक थोडाच द्यावा, कारण त्यातले आम्ल अंगातला चुना, म्हणजे कॅल्शियम, धरून ठेवते आणि हाडांना लागू देत नाही. बटाट्याची हिरवी साल आणि कोंब, वांग्या-टोमॅटोचा पाला, कच्चा राजमा हे विषारी, ते चुकूनही नको. कांदा-लसणाची टाकाऊ पात ढिगाने घालू नये. खारट उरलेसुरले कालवण, बुरशी आलेला दाणा, बुरशी आलेली भाकरी उकिरड्यावर जाऊ द्यावी. बुरशीचे विष पिल्लांना फार लवकर लागते.

मंडईचा पाला आणला तर वरची पाने काढून टाकावीत आणि बाकी दोन-तीन पाण्यांतून धुवावा. कोबी-फ्लॉवरवर फवारणी फार असते. कापसाच्या, भाजीच्या शेतातून खुरपून आणलेले गवतही विचारून आणावे, फवारा कधी मारला होता ते. आणि आमचे जालना हे बियाण्यांचे गाव. आपल्या आयाबहिणी बियाण्यांच्या प्लॉटवर, गोदामात कामाला जातात. औषध चोळलेले गुलाबी, हिरवे रंगीत बी सांडलेले दिसते, ओटीत घेऊन यावेसे वाटते. ते आणू नका. ते विष आहे, धुऊन जात नाही. कोंबड्यांना नाही आणि माणसांना तर नाहीच नाही.

असो. तेरा पिल्लांत आठ तलंगा निघाल्या, पाच कोंबडे. सप्टेंबरात पहिले अंडे मिळाले. पुढे रोज चार-पाच अंडी. गावरान म्हणून दहा-बारा रुपयांना एक सहज जाई. मिल सुरू झाली होती, तरी मागचे देणे होते. आम्ही सगळी अंडी विकू लागलो. एखादे तडकलेले निघाले तर धाकट्याला.

इथे आमची गोष्ट संपली असती तर आम्ही ती लिहिलीही नसती. २०२२ च्या सुरुवातीला थोरली दहावीत होती. अभ्यासाला बसली की डोके दुखे, जिना चढली की धाप लागे. आम्ही म्हणायचो, मोबाईल बघून बघून झाले. दवाखान्यात नेले, रक्त तपासले. हिमोग्लोबिन साडेआठ. मुलीचे बारा तरी असायला हवे. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारले, "खातेस काय गं?" ती म्हणाली, "पोटभर खाते की."

पोटभर! घरी येताना रिक्षात आम्ही तिघेही गप्प होतो. तिच्या खाण्याचा हिशेब मनात मांडत होतो. सकाळी चहा आणि खारी. दुपारी भात आणि बटाट्याचा रस्सा. संध्याकाळी पुन्हा चहा, पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट. रात्री भात. पोट रोज भरत होते. पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी भरत होती तसेच. आणि परसात आठ कोंबड्या रोज अंडी घालत होत्या, ती सगळी पराठ्यांच्या गाडीवर जात होती. कोंबड्यांना किती प्रथिने लागतात हे आम्ही तोंडपाठ केले होते. आपल्या मुलीचा हिशेब कधी केला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी घरातल्या बाईचेही रक्त तपासायला सांगितले. आमच्या दोघांपैकी जी सगळ्यांना वाढून शेवटी बसते, तिचे सव्वासात निघाले. पातेल्यात जे उरते ते बहुधा भात आणि रस्स्याचे पाणीच असते, हे आपल्या बायकांना सांगायला नको.

त्या दिवसापासून घरात काही नियम झाले. पहिली चार अंडी घरात, त्यापुढची विकायला. वरणाला पाणी वाढवायचे नाही. पालेभाजी रोज, पण भाकरी आणि वरणाबरोबर, आणि तिच्यावर लिंबू पिळून, कारण लिंबाने पाल्यातले लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा नाही, तास-दीड तासाने, कारण चहा ते लोह अडवतो. आणि जेवायला सगळ्यांनी एकदम बसायचे. हा शेवटचा नियम आईने घातला. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तितके दिवस न चुकवता घेतल्या. एवढ्या खाली गेलेले रक्त नुसत्या खाण्याने वर येत नाही, गोळी लागतेच, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. चार महिन्यांनी थोरलीचे अकरावर आले. तिने ते आकडे त्याच जुन्या वहीत, पिल्लांच्या वजनाखाली लिहिले. ती वही अजून आहे.

बाहत्तर साली आईच्या घरी भाकरी नव्हती, म्हणून पाल्याने पोट भरावे लागले. २०२० साली आमच्या पिल्लांना दाणा नव्हता, म्हणून तेच झाले. पण २०२२ साली आमच्या मुलीला अंडे होते, डाळ होती, परसात शेवगा होता. होते ते तिच्या ताटात आले नाही. दुष्काळाला आपण दोष देऊ शकतो. या वेळी दोष आमचाच होता.

पायरीवरच्या त्या ताई सगळे ऐकून घेऊन म्हणाल्या, "मग फुकटचा पाला आणू नको म्हणता?"

आम्ही म्हणालो, "आणा की. निवडा, धुवा, बारीक चिरा, दुपारी मूठभर टाका. पण आधी दाणा."

जाताना त्या आमच्या घरी आल्या. आईला आता डोळ्यांनी कमी दिसते, तरी पाला विळीवर तीच चिरते. तिने ताईंच्या पिशवीत दोन ओंजळी भरडा घातला, वर शेवग्याची एक डहाळी ठेवली आणि विचारले, "पिल्लायचं वजन करती का गं? नुसता गळा चाचपू नको."